बागेची हिवाळी बेगमी

११ नोव्हेंबर १९४०. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची सुट्टी. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात त्या सकाळी हवा इतकी उबदार होती, की मिसिसिपीच्या काठी बदकांच्या शिकारीला निघालेल्या अनेकांनी जाड कोटही बरोबर घेतले नाहीत. दिवस कलायच्या आत वारा फिरला, पारा कोसळला आणि रात्रभर हिमवादळ घोंगावत राहिलं. एकट्या मिनेसोटा राज्यात ४९ माणसं दगावली. त्यांत शिकारीच बरेच होते. वादळाची ही बाजू इतिहासात नोंदली गेली. शेजारच्या आयोवा राज्यातल्या सफरचंदांच्या बागांचं काय झालं, ते मात्र बागाईतदारांच्याच लक्षात राहिलं. असंख्य झाडं त्या एका फटक्यात मेली किंवा कायमची अधू झाली, आणि पुष्कळ शेतकरी सफरचंदाचा नाद सोडून मका-सोयाबीनकडे वळले.

खरं कोडं पुढेच आहे. याच झाडांनी आधीच्या कित्येक जानेवारींत याहून कडक थंडी सोसली होती आणि वसंतात नेमाने मोहोर धरला होता. मग नोव्हेंबरची थंडीच एवढी जीवघेणी का ठरली? थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी बागेत जी कामं करतात, त्यांतली बहुतेक या कोड्याच्या उत्तरातूनच निघतात. झाडाला थंडी मारते ती क्वचित. मारते ती अवेळी आलेली थंडी, आणि त्याहून जास्त थंडी-उन्हाची धरसोड. म्हणून बागेची हिवाळी तयारी म्हणजे झाडांना पांघरूण घालून ऊब देणं, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. निफाडला पारा ४-५ अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणारी आपली माणसं. आपल्या मनात थंडी आणि शेकोटी यांची जोडीच जमलेली असते.

मिनेसोटातलं मिनिआपोलिस-सेंट पॉल हे जोडशहर उदाहरणाला घेऊ. तिथे मराठी घरंही बरीच आहेत. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात कधीतरी पहिलं दहिवर गोठतं. जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि अधूनमधून उणे २५ किंवा त्याखालच्या रात्री येतात. हिवाळाभरात सरासरी सव्वा मीटरहून थोडं जास्तच हिम पडतं. जमीन इतकी खोल गोठते, की घराचा पाया निदान साडेतीन फूट खाली नेला पाहिजे असा तिथला बांधकामाचा नियम आहे; राज्याच्या उत्तर भागात तोच पाच फूट. अशा जमिनीत गुलाब, सफरचंद, लसूण वर्षानुवर्षं तग धरतात, याचं खरं तर नवल वाटायला हवं.

ही तग धरण्याची तयारी झाड स्वतःच करतं, आणि तिची सुरुवात भर उन्हाळ्यात होते. ऑगस्टमध्ये हवा गरमच असते, पण दिवस लहान होऊ लागलेला असतो. पानं ते ओळखतात. शेंड्यांची वाढ थांबते आणि डोळे मिटून खवल्यांच्या आवरणात जातात. पुढे रात्री गार होऊ लागल्या की पेशींमध्ये साखर साठते आणि पेशींच्या पापुद्र्यांतले स्निग्ध पदार्थ बदलतात, म्हणजे गारठ्यातही ते ताठरत नाहीत. पहिली दोन-चार दहिवरं पडली की तयारीचा शेवटचा टप्पा सुरू होतो. बर्फ होतो तो पेशींच्या मधल्या पोकळ्यांत. तो पेशींमधलं पाणी हळूहळू बाहेर ओढून घेतो, आणि आतला रस इतका दाट होतो की तो गोठतच नाही. बर्फ पेशींच्या बाहेर असेल तोवर झाड सुखरूप. आत झाला की पेशी फुटून मेली. सगळी मदार या संथपणावर आहे. पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे.

हा वेळ मिळाला तर झाड काय काय सोसू शकतं, ते होक्काइदो विद्यापीठातल्या अकिरा साकाई या संशोधकाने १९६० साली दाखवलं. वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या पूर्ण तयार झालेल्या डहाळ्या त्याने आधी सावकाश गोठवल्या आणि मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. त्या जगल्या. अशाच झाडाची उन्हाळ्यातली कोवळी डहाळी शून्याखाली चार-दोन अंशांतच मान टाकते. सफरचंदाचं मात्र एवढं नाही. त्याच्या लाकडातल्या काही पेशी पाणी बाहेर न टाकता ते शून्याखाली द्रवरूपातच धरून ठेवतात, आणि ही युक्ती उणे ४०च्या आसपास संपते. त्यापलीकडची थंडी पडणाऱ्या मुलखात सफरचंद टिकवणं म्हणूनच जिकिरीचं.

१९४०चा शरद ऋतू उबदार होता. आयोवातली झाडं अजून तयारच झालेली नव्हती.

घरच्या बागेसाठी यातून निघणारं पहिलं काम म्हणजे काही न करणं. जुलै उलटल्यावर झाडाझुडपांना नत्र देऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबरात छाटणी करू नये. दोन्हींमुळे कोवळी पालवी फुटते, आणि ती पहिल्या कडाक्यात काळी पडते. हिरवळीचा हिशोब वेगळा: तिथल्या गवताला सप्टेंबरातलं खत मानवतं. आपल्याकडची शिस्त शेजाऱ्याच्या अंगणात पाहून ठरवायची सवय इथे नडते. त्याने पोतं उघडलं ते गवतासाठी, आपण तेच खत गुलाबाला घातलं की झालं.

रोपवाटिकेतल्या प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर एक आकडा असतो, तोही याच संदर्भात वाचावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली देशाचा थंडीनुसार नकाशा काढला. एखाद्या ठिकाणी वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरीने किती थंड असते, त्यावरून त्यात पट्टे पाडले आहेत. २०२३च्या आवृत्तीत देशाचा साधारण निम्मा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार बाजूला सरकला, आणि जोडशहराचा बराच भाग चौथ्यातून पाचव्यात गेला. बागकाम करणाऱ्यांना याचा आनंद झाला. आता अमुक लावता येईल, तमुक लावता येईल! पण हा आकडा थंडी किती पडते एवढंच सांगतो. ती कधी येते, किती वेगाने येते आणि मध्येच किती वेळा पाठ फिरवते, याबद्दल तो गप्प आहे. पाचव्या पट्ट्यातल्या झाडाला चौथ्या पट्ट्याचा एक नोव्हेंबर पुरतो.

जमिनीच्या वर जे दिसतं त्यापेक्षा खाली जे आहे ते जास्त नाजूक असतं, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. उणे ३० सोसणाऱ्या झाडाची मुळं त्या मानाने लेचीपेची. मिनेसोटात वाढणाऱ्या बहुतेक झाडाझुडपांची मुळं उणे १२ ते उणे १८ अंशांच्या दरम्यान मरतात. ती वाचतात कारण माती हवेइतकी थंड होतच नाही. ती थंड व्हायलाही वेळ घेते आणि तापायलाही. कुंडीतल्या झाडाला हे कवच नसतं. कुंडीची माती चहूबाजूंनी हवेच्या तावडीत सापडते, म्हणून जमिनीत सुखाने जगणारं तेच झाड कुंडीत मरतं. उपाय सोपा आहे: कुंडीसकट झाड जमिनीत पुरावं किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये भिंतीलगत सरकवावं. मातीची कुंडी रिकामी करून पालथी ठेवावी. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं, आणि भिजलेली कुंडी वसंतापर्यंत खापऱ्यांच्या रूपात उरते.

मातीचं दुसरं कवच म्हणजे हिम. ताज्या भुसभुशीत हिमात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हवाच असते, आणि अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते. फूटभर हिमाखालची माती, वर उणे २५ असलं तरी, शून्याच्या आसपास राहू शकते. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या संशोधन-अरण्यात शास्त्रज्ञांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला जमिनीच्या काही तुकड्यांवरचं हिम फावड्याने काढून टाकलं. तिथली माती जास्त खोल गोठली आणि मेपल वृक्षांची बारीक मुळं जास्त प्रमाणात मेली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाच्या निबंधाच्या शीर्षकाचा आशयच असा होता, की जग तापेल तशी माती गारठेल. हिवाळे सौम्य होऊन हिम कमी पडलं, की उरलेल्या थंड रात्री उघड्या मातीवर येतात. तेव्हा वाटेवरचं हिम सारताना ते शक्य तर वाफ्यांवर टाकावं. मीठ मारलेलं हिम मात्र नव्हे. तिथले रस्ते बर्फ वितळवण्यासाठी मिठाने न्हाऊन निघतात, आणि ते मीठ मुळांना आणि पाइनच्या सुयांना जाळतं.

आता मल्चिंगकडे, म्हणजे आच्छादनाकडे येऊ. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. हौशी माणूस ऑक्टोबरमध्ये पहिला गारवा जाणवताच वाफ्यांवर काड आणि पाला पसरतो. बिचाऱ्या रोपांना ऊब मिळावी म्हणून. जाणता माणूस थांबतो. जमीन वरून गोठू लागेपर्यंत, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, तो पेंढ्या नुसत्या रचून ठेवतो. आच्छादन घालायचं ते जमीन थंडच राहावी म्हणून. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याचं जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कोलकात्याला पोचलं, आणि पुढे तसा बर्फ मुंबईतही येऊ लागला; विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या प्रवासात तो टिकला, तो लाकडाच्या भुशामुळे. वाफ्यावरचं काड त्या भुशाचंच काम करतं. आत जे आहे तसंच राहू देणं, एवढंच ते जाणतं. गरम मातीवर घातलं तर ती गरम ठेवील आणि झाडाची तयारी लांबवील. शिवाय शेतउंदरांना आयतं घर मिळेल.

पण गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी असा आग्रह कशासाठी? फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे दिवसा ऊन पडतं, वरची दोन बोटं माती विरघळते आणि रात्री पुन्हा गोठते. या रोजच्या खेळात माती वर उचलली जाते आणि उथळ मुळांची रोपं तिच्याबरोबर उपटून पृष्ठभागावर येतात. मुळं उघडी, वारा कोरडा. आठवडाभरात खेळ खलास. पाणी गोठताना फुगतं म्हणून माती उचलली जाते, असं कुणालाही वाटेल. साउथ कॅरोलायनातले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांना तसं वाटलं नाही. १९२९-३०च्या सुमारास त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरलं. बेंझिन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! कारण वेगळंच निघालं: गोठणाऱ्या थराकडे खालचं पाणी ओढलं जातं आणि तिथे बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. एकाच वेळी फुगण्यापेक्षा हे सतत खालून रसद येणं महत्त्वाचं. बारीक गाळाच्या जमिनीत ही ओढ सर्वांत जास्त. म्हणून नवीन रोप लावायचं तर जमीन गोठण्याच्या सहाएक आठवडे आधी लावावं, मुळांना पकड घेऊ द्यावी, आणि मग गोठलेल्या जमिनीवर काडाचं झाकण घालावं.

स्ट्रॉबेरीला हे झाकण चुकवून चालत नाही. महाबळेश्वरला थंडी म्हणजे स्ट्रॉबेरीचा हंगाम. दरवर्षी नवी रोपं लावायची आणि फळं संपली की वाफे मोकळे करायचे. मिनेसोटात तेच रोप चार-पाच वर्षं एका जागी राहतं आणि हिवाळा झोपून काढतं. त्याचा गड्डा, म्हणजे पानं आणि मुळं जिथे जुळतात तो भाग, मातीच्या पातळीलाच असतो आणि उणे ९-१० अंशांच्या खाली त्याला इजा होऊ लागते. मातीचं तापमान ४ अंशांवर उतरलं की त्यावर चार-सहा इंच गव्हाचं काड पसरतात.

झाडांच्या बुंध्यांनाही हीच धरसोड छळते. जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी नैऋत्येकडून तिरपं ऊन येतं, हिमावरून परावर्तित होऊन दुप्पट होतं, आणि कोवळ्या सफरचंदाची किंवा मेपलची पातळ साल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. त्या पट्टीतल्या पेशी जाग्या होतात. सूर्य ढगाआड गेला किंवा मावळला की काही मिनिटांत तापमान खाली, आणि जाग्या झालेल्या पेशी मेल्या. वसंतात बुंध्याच्या एकाच बाजूला उभी भेग दिसते. बुंध्याभोवती पांढरी पट्टी गुंडाळणं हा त्यावरचा स्वस्त इलाज; पांढरा रंग ऊन परतवतो. पट्टी वसंतात काढायची आठवण मात्र ठेवावी, नाहीतर आत किडे राहायला येतात. बुंध्याशी बारीक तारेची जाळीही हवी. हिमाखाली बोगदे करून फिरणारे शेतउंदीर साल कुरतडतात, आणि ससे हिमाच्या थरावर उभं राहून वरपर्यंत पोचतात. म्हणून जाळीची उंची जमिनीपासून मोजण्यात अर्थ नाही, ती साचणाऱ्या हिमाच्या वर दीड-दोन फूट तरी हवी.

सदाहरित झाडांची अडचण पाण्याची. आपल्या मोरपंखीच्या जातभाई झाडांची कुंपणं तिकडे घरोघरी दिसतात. हिवाळ्यातल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात त्यांच्या पानांतून पाणी उडत राहतं आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना थेंब मिळत नाही. मार्चमध्ये झाड एका बाजूने तांबूस होतं. माणसं म्हणतात, थंडीने जळलं. खरं तर ते तहानेने सुकलेलं असतं. जमीन गोठेपर्यंत त्याला भरपूर पाणी द्यावं. नवीन लावलेल्या झाडाला तर नक्कीच. वाऱ्याच्या बाजूला खुंट्या ठोकून गोणपाटाचा आडोसा करावा, पण झाडाला गुंडाळून गाठोडं करू नये. पानांवर फवारायची मेणचट औषधं दुकानात मिळतात. प्रयोगांत त्यांचे निकाल कधी बरे, कधी शून्य असे आले आहेत. मी तरी ते पैसे पाण्याच्या नळीवर खर्च करायला सांगेन.

गुलाबांच्या बाबतीत मिनेसोटाच्या माणसांनी जो खटाटोप केला, त्याला तोड नाही. मोठ्या फुलांचे, कलमी 'टी' गुलाब तिथल्या थंडीत टिकत नाहीत. म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला त्यांच्या फांद्या सुतळीने एकत्र बांधतात, एका बाजूची मुळं खोऱ्याने सैल करतात, शेजारी चर खणतात आणि अख्खं झाड हळूच त्या चरात आडवं निजवतात. वर माती, मातीवर पाल्याच्या पिशव्या. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं. या पद्धतीला 'मिनेसोटा टिप' असंच नाव पडलं आहे. सायबेरियात सफरचंदाची झाडं पहिल्यापासूनच आडवी वाढवतात, म्हणजे हिम पडलं की ती आपोआप त्याखाली जातात; तत्त्व एकच. ज्याला व्यायामाची हौस आहे त्याने जरूर करावं. बाकीच्यांसाठी कॅनडाच्या कृषी खात्यात फेलिसितास स्वेदा या संशोधिकेने थंडीला न जुमानणारे गुलाब तयार करून ठेवले आहेत. 'जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन' अशी दर्यावर्दी शोधकांची नावं त्यांना दिली आहेत. फूल थोडं साधं असतं, पण पाठ मोडत नाही.

पाचोळ्यावरून मात्र शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद झडतात. पूर्वीची शिस्त म्हणजे ऑक्टोबरअखेर अंगण लख्ख: वाळलेली खोडं कापली, पानं गोळा करून पिशव्या भरल्या, पिशव्या रस्त्यावर ठेवल्या. अलीकडे याला विरोध होतो, आणि तो रास्त आहे. पाचोळ्यात फुलपाखरांचे कोष असतात, केसाळ सुरवंट असतात. कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं वाळक्या, पोकळ देठांमध्ये हिवाळा काढतात, आणि भुंग्यासारख्या जाड 'बंबलबी'ची राणी मातीत दोन-चार इंचांवर झोपलेली असते. ज्या मिनेसोटात उन्हाळ्यात परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी खास बागा लावतात, तिथेच शरदात त्यांचीच पिल्लं पिशवीत भरून पाठवायची, हे काही खरं नाही. तेव्हा फुलझाडांची खोडं उभी ठेवावीत. वसंतात कापताना दीड फुटाचा खुंट राखावा, त्यात नव्या मधमाश्या घर करतात. पाला वाफ्यांत आणि झुडपांखाली सरकवावा. हिरवळीवर जाड थर राहिला तर गवत कुजतं, म्हणून तिथे गवत कापायच्या यंत्राने त्याचा चुरा करून टाकावा.

या उदारपणाला एक अपवाद आहे. टोमॅटोची करपलेली झाडं, भुरी आलेली पियोनीची पानं, भोपळ्याचे रोगट वेल असं सगळं उचलून बागेबाहेर काढावं. करप्याची बुरशी वाळक्या पानांत सहज हिवाळा काढते आणि जूनमध्ये पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या रोपांवर उडी मारते.

भाजीच्या वाफ्यात पहिल्या दहिवराने दुधी, कारली, मिरची, गवार एका रात्रीत काळ्या पडतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी मराठी घरांतून जी धावपळ होते ती पाहण्यासारखी असते. मिरच्या ओरबाडून फ्रीजरमध्ये, मेथी निवडायला आणि टोपलीभर हिरवे टोमॅटो स्वयंपाकघरात. पूर्ण वाढलेले, किंचित फिकट झालेले टोमॅटो घरात आपोआप पिकतात. त्यांना ऊन लागत नाही, खोलीची ऊब पुरते. फ्रीजमध्ये ठेवले तर चव जाते. जे अगदी कच्चे आहेत ते तीळ-दाण्याच्या चटणीचे.

उलट पालक आणि गाजर दहिवरानंतरच खरे गोड होतात. थंडीला तोंड द्यायला ते साखर साठवतात आणि आपण तीच खातो. गाजरांच्या ओळीवर फूटभर काड रचलं तर डिसेंबरातही ती जमिनीतून काढता येतात. मेन राज्यातले शेतकरी-लेखक एलियट कोलमन यांनी तर न तापवलेल्या प्लास्टिकच्या बोगद्यात, आत दुसरं पातळ कापड टाकून, भर हिवाळ्यात पालेभाज्या काढून दाखवल्या. त्यांच्या हिशोबाने असं एकेक पांघरूण म्हणजे बाग ५०० मैल दक्षिणेला सरकल्यासारखी. पण त्यांचंच म्हणणं आहे, की दिवस १० तासांहून लहान झाला की भाजी फक्त टिकते, वाढत नाही. मिनिआपोलिसला हा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. मुंबईत वर्षाचा सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा असतो. तेव्हा पालक ऑक्टोबरपर्यंत हाताएवढा झाला नसेल तर पांघरुणं घालून उपयोग नाही.

लसणाची लागवड महाराष्ट्रातही ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि तिथेही ऑक्टोबरचीच, हा योगायोग मला आवडतो. आपल्याकडे तो रब्बीत वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तिथे तो जेमतेम मुळं धरतो, काडाखाली झोपतो आणि पुढच्या जुलैत निघतो. दोन्हीकडे गड्ड्यात पाकळ्या पडायला थंडी लागतेच. कर्दळीचं मात्र उलटं. आपल्या परसात ती कुणी लावल्याचंही आठवत नाही अशी माजते. तिथे पानं दहिवराने काळवंडली की तिचे कंद खणून, माती झटकून तळघरात ठेवावे लागतात. डेलियाचेही तसेच: ४ ते १० अंशांत, किंचित ओलसर भुशात. फार कोरडे ठेवले तर सुरकुततात, फार ओले ठेवले तर सडतात, म्हणून महिन्यातून एकदा पाहणी करायची.

कढीपत्ता आणि तुळस हे मराठी घरांतले खरे पाहुणे. दोघांचंही दहिवराआधीच, रात्री १० अंशांवर आल्या की बिनसतं. त्यांना सप्टेंबरच्या मध्यातच आत घ्यावं, म्हणजे घरातली हीटिंग सुरू होण्याआधी ती रुळतात. एकदम नोव्हेंबरात आणलेला कढीपत्ता दोन आठवड्यांत सगळी पानं टाकतो. माणसं घाबरून पाणी वाढवतात आणि झाड त्यानेच मरतं. उजेड कमी, वाढ बंद, मग पाणी कशाला प्यावं त्याने? वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय हात लावू नये, दक्षिणेकडची खिडकी द्यावी आणि कोरड्या हवेत पानांखाली कोळी व खवले कीड येते ती ओल्या फडक्याने पुसावी. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या लिंबूवर्गीय राज्यांतून नातेवाइकांकडून रोप आणण्याचा बेत करू नये. संत्र्या-मोसंब्यांची झाडं मारणाऱ्या रोगाचा प्रसार करणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावर पोसते, म्हणून तिथून रोपं हलवण्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

बाहेरचा नळ आतून बंद करायचा, पाण्याची नळी आणि ठिबकच्या नळ्या रिकाम्या करायच्या, पावसाच्या पाण्याचं पिंप पालथं घालायचं. हे अर्ध्या तासाचं काम. ते राहिलं तर भिंतीतला पाइप फुटल्याचं वसंतात कळतं.

आणि मग एप्रिल. पहिल्या उबदार रविवारी सगळी झाकणं काढून टाकायचा मोह होतो. तो आवरायचा. स्ट्रॉबेरीवरचं काड थोडं सारून पाहावं. खाली नवी पानं पिवळट दिसू लागली असतील तरच ते काढावं, आणि काढलेलं काड कंपोस्टच्या ढिगात न टाकता ओळींच्या मधल्या वाटेतच ठेवावं. मे महिन्यात, स्ट्रॉबेरी फुलावर असताना, मिनेसोटात पुन्हा एखादं दहिवर पडतं. त्या संध्याकाळी तेच काड दाताळ्याने परत रोपांवर ओढायचं असतं.